चिनी मेजवानीचे निमंत्रण आल्यास: होकार कळवण्यापासून परतफेडीपर्यंतचा क्रम

यंत्रे पाहण्यासाठी, माल निवडण्यासाठी, कारखान्याची तपासणी करण्यासाठी किंवा नोकरीनिमित्त चीनमध्ये गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच एखाद्या औपचारिक मेजवानीचे निमंत्रण येते. बहुतेक जण तयारी म्हणून चॉपस्टिक धरण्याचा सराव करतात आणि दोन-चार चिनी शब्द पाठ करतात. ही तयारी वाईट नाही, पण खरी चूक वेगळ्याच ठिकाणी होते. परदेशी पाहुण्याच्या हातून चॉपस्टिकमधला घास निसटला तर कोणाला काही वाटत नाही. मात्र वरिष्ठांच्या आधी तो आत शिरला, न सांगता खुर्चीवर बसला किंवा यजमान बोलायच्या आधीच त्याने पेला उचलला, तर ते सर्वांच्या लक्षात राहते. तिथल्या शिष्टाचाराचा कणा क्रम हा आहे. कोण आधी, कोण नंतर, कोणी कधी नको म्हणायचे आणि कधी स्वीकारायचे, हे त्यातून ठरते. वाढण्यासाठीच्या वेगळ्या चॉपस्टिक, वीचॅट हे संदेशांचे अ‍ॅप, मद्याचा कमी झालेला आग्रह असे बाहेरचे बदल गेल्या काही वर्षांत झपाट्याने झाले. त्यांच्याखालचा क्रम मात्र टिकून आहे. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पाळावेत.

टप्पा १: निमंत्रण आल्याच्या दिवशीच सांगायच्या गोष्टी

होकार कळवताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात: निमित्त काय आहे, मुख्य यजमान कोण आहेत, त्यांच्या बाजूने किती जण येणार आहेत आणि आपल्याकडून किती जण अपेक्षित आहेत. ऐन वेळी एखादा सहकारी सोबत नेणे टाळावे, कारण गोल टेबलावरच्या जागा आधीच ठरलेल्या असतात आणि एक माणूस वाढला की सगळी बैठक नव्याने मांडावी लागते. मेजवानी बहुधा संध्याकाळी सहा-साडेसहाला सुरू होते. आपल्या सवयीप्रमाणे नऊच्या जेवणाचा हिशेब धरून दुपारी उशिरा पोटभर खाल्ले, तर पंगत बसेल तेव्हा भूकच नसेल.

आहाराची मर्यादा याच दिवशी सांगायची असते. मराठी पाहुणे इथेच सर्वाधिक चुकतात. टेबलावर सगळे पदार्थ आल्यानंतर ‘मी शाकाहारी आहे’ असे सांगितले, तर यजमानाने दोन दिवस विचार करून ठरवलेला बेत सर्वांसमक्ष फसतो आणि त्याची पत जाते. तेच दोन-तीन दिवस आधी सांगितले, तर तो आनंदाने वेगळे पदार्थ मागवतो आणि ते आपल्यासमोर ठेवताना त्याला समाधानही वाटते.

नुसते ‘मांस चालत नाही’ एवढे सांगणे मात्र पुरेसे नाही. तिथल्या रोजच्या बोलण्यात विशेषण न लावता ‘मांस’ म्हटले की डुकराचे मांस असा अर्थ घेतला जातो, त्यामुळे प्रामाणिकपणे मासा किंवा कोंबडी पुढे येऊ शकते. ‘वो छ्र सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी खातो’, हे वाक्य उपयोगी आहे. पण त्यासोबत यादी द्यावी, आणि ती चिनी लिपीत लिहून घेतलेली असावी. मांस, मासे, कोळंबी व इतर जलचर, चरबी, मांसाचे किंवा हाडांचे सूप आणि ऑइस्टर सॉस यांतले काय चालत नाही, आणि अंडे चालते की नाही, हे स्पष्ट लिहावे. पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते आणि प्रसिद्ध मापो टोफूत सहसा खिमा असतो. बौद्ध पद्धतीच्या शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असते, त्यामुळे जैन किंवा वारकरी घरातल्या माणसाला तेवढी अट समजावून सांगणे सोपे जाते. बटाटा आणि इतर कंदमुळे चालत नसतील, तर ते मात्र वेगळे सांगावे लागते.

यजमानाने ‘मग काय मागवू?’ असे विचारले, तर नुसते ‘काहीही चालेल’ म्हणू नये. दोन-तीन नावे सुचवावीत. ठेचलेल्या काकडीची कोशिंबीर, व्हिनेगर घालून परतलेला बटाट्याचा कीस, बटाटा-वांगे-मिरचीची ‘दी सान श्येन’ ही भाजी किंवा काळ्या अळिंबीचा थंड पदार्थ या गोष्टी बहुतेक उपाहारगृहांत मिळतात. परतलेल्या फरसबीत बरेचदा खिमा घालतात, म्हणून ती मागवताना ‘खिम्याशिवाय’ असे आवर्जून सांगावे.

मद्य घेत नसाल तर तेही आजच सांगावे. कारण एका वाक्यात द्यावे आणि नंतर ते बदलू नये.

*तपासणी:* यजमानाचे नाव व हुद्दा आणि येणाऱ्यांची संख्या आपल्याला कळली असेल, तसेच आहाराची लेखी यादी आणि मद्याबद्दलचा निर्णय त्यांच्यापर्यंत पोहोचला असेल, तरच पुढच्या टप्प्याकडे वळावे.

टप्पा २: भेटवस्तू निवडणे आणि बांधणे

भारतीय कंपन्यांची आवडती भेट म्हणजे बोधचिन्ह छापलेले भिंतीवरचे घड्याळ, आणि चीनमध्ये नेमके तेच नेऊ नये. ‘घड्याळ देणे’ हे शब्द ‘अखेरचा निरोप देणे’ या शब्दांसारखेच ऐकू येतात. छत्री ताटातुटीची सूचक मानली जाते. चाकू-सुरी संबंध तोडण्याची खूण ठरते, रुमाल निरोपाशी जोडलेला आहे आणि पुरुषासाठी हिरवी टोपी पत्नीच्या व्यभिचाराकडे बोट दाखवते. पादत्राणेही टाळावीत. कोल्हापुरी चपलांचा सुंदर जोड आपल्याला कितीही अभिमानाचा वाटला, तरी तो औपचारिक भेट म्हणून नेऊ नये. तरुण मंडळी यातल्या काही गोष्टी हसून सोडून देतात हे खरे. पण मेजवानीला त्यांचे वरिष्ठ हजर असतात आणि धोका पत्करण्याचे आपल्याला कारण नसते.

हिमरू शाल किंवा पैठणीच्या कापडाची ओढणी यांतले काहीही चांगले. रंग लाल, सोनेरी किंवा गडद असावा. पांढरा आणि काळा शोकाशी जोडलेले आहेत, म्हणून वस्तू आणि वेष्टन दोन्हींत ते टाळावेत. हापूसची पेटी नेण्याचा मोह अनेकांना होतो, पण ताजी फळे प्रवाशाच्या सामानातून चीनमध्ये नेता येत नाहीत. दुधाच्या मिठाईलाही विमानतळावर अडचण येऊ शकते. एकाच प्रकारच्या अनेक वस्तू देणार असाल तर सम संख्या धरावी, मात्र चार टाळावी, कारण चारचा उच्चार ‘मृत्यू’च्या उच्चाराजवळ जातो.

देण्याची पद्धत निवडीइतकीच महत्त्वाची आहे. वस्तू दोन्ही हातांनी द्यावी. आपल्याकडे उजव्या हाताने दिले की शिष्टाचार पूर्ण होतो. तिथे एका हाताने देणे उणे वाटते. यजमान एकदा किंवा दोनदा नको म्हणेल. तो नकार म्हणजे नम्रतेची रीत आहे, म्हणून शांतपणे पुन्हा पुढे करावी. भेट आपल्यासमोर उघडली गेली नाही, म्हणून ती आवडली नाही असे समजू नये. पाहुण्यासमोर न उघडणे हीच जुनी पद्धत आहे, आणि तुम्हाला मिळालेली भेटही, उघडण्याचा आग्रह झाला नाही तर, मुक्कामी जाऊनच उघडावी. अनेक जणांसमोर फक्त एकालाच भेट दिल्यास इतर अवघडतात. सर्वांना काही द्यायचे नसेल, तर संपूर्ण संस्थेसाठी एकच वस्तू मुख्य यजमानाच्या हाती द्यावी.

*इशारा:* समोरची व्यक्ती सरकारी अधिकारी असेल, तर महागडी भेट देऊच नये. डिसेंबर २०१२ पासून लागू असलेल्या काटकसरीच्या आठ कलमी नियमांनंतर अशी भेट घेणाऱ्याला अडचणीत आणू शकते, आणि तुमचा हेतू चांगला असला तरी ती अडचण कमी होत नाही.

लग्नाची मेजवानी असेल तर

लग्नात वस्तूऐवजी लाल पाकीट, म्हणजे होंगबाओ, द्यावे. आत कोऱ्या नोटा आणि सम रक्कम असावी. सहा आणि आठ हे आकडे शुभ मानले जातात, म्हणून ६०० किंवा ८०० युआन अशा रकमा दिल्या जातात. नेमकी किती द्यावी हे गाव, नाते आणि सहकाऱ्यांचा रिवाज यांवर ठरते, त्यामुळे आधी एखाद्या चिनी सहकाऱ्याला खासगीत विचारणे उत्तम. रकमेत चार नको, आणि २५० तर मुळीच नको, कारण तो आकडा ‘मूर्ख’ या अर्थाने शिवीसारखा वापरला जातो. पाकिटावर आपले नाव लिहायला विसरू नये. आपल्याकडे आहेराची वही असते तशी तिथेही प्रवेशद्वाराजवळ नोंदवही असते, आणि पुढे परतफेड त्या नोंदीवरूनच होते. शोकप्रसंगी मात्र लाल पाकीट कधीच देऊ नये. तेव्हा पाकीट पांढरे आणि रक्कम बहुतेक ठिकाणी विषम असते.

टप्पा ३: दारापासून खुर्चीपर्यंत

वेळेच्या दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. आपल्या गटातल्या सर्वांत वरिष्ठ व्यक्तीने सर्वांत आधी आत जावे. यजमान मंडळी पहिल्या आलेल्या माणसालाच प्रमुख समजून पुढे येतात, आणि भाषा येते म्हणून पुढे घातलेला कनिष्ठ अभियंता प्रमुख पाहुणा ठरला की पुढची सगळी बैठक चुकते. दुभाष्याने वरिष्ठाच्या मागे, एका पावलाच्या अंतरावर राहावे.

अभिवादनाला हलके हस्तांदोलन आणि मानेची किंचित लवण पुरेशी आहे. एका हाताची मूठ दुसऱ्या हाताने झाकून छातीसमोर हलवण्याचा पारंपरिक नमस्कार वसंतोत्सवात, म्हणजे चिनी नववर्षाच्या दिवसांत, आजही दिसतो. करायचाच असेल, तर पुरुषाने डावा हात बाहेर आणि उजवा आत ठेवावा, स्त्रीने उलट. पुरुषाचा उजवा हात बाहेर आला तर तो शोकाचा नमस्कार होतो. खात्री नसेल तर हस्तांदोलनावर थांबावे.

नावे उच्चारताना आडनाव आधी येते हे लक्षात ठेवावे. औपचारिक प्रसंगी आडनाव आणि हुद्दा एकत्र बोलावेत: कंपनीच्या प्रमुखाला ‘वांग त्सोंग’, व्यवस्थापकाला ‘ली जिंगली’, अभियंत्याला ‘छन गोंग’, शिक्षक-प्राध्यापकांना ‘जांग लाओशी’. उपव्यवस्थापकाला हाक मारताना ‘उप’ गाळतात. तो उच्चारला तर त्याला त्याची पायरी दाखवल्यासारखे होते. विवाहित स्त्रीला पतीच्या आडनावाने हाक मारू नये, कारण चीनमध्ये स्त्रिया लग्नानंतर स्वतःचेच आडनाव ठेवतात. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी, अक्षरे समोरच्याकडे करून द्यावे. मिळालेले कार्ड वाचून मगच ठेवावे, पण पँटच्या मागच्या खिशात कधीच ठेवू नये.

आता खुर्ची. आधी टेबलाकडे जाऊच नये. मोठ्या खोलीत बाजूला सोफे असतात. तिथे चहा घेत यजमान उठवेपर्यंत थांबावे. सर्वसाधारण नियम असा की दाराकडे तोंड असलेली, दारापासून सर्वांत दूरची जागा मुख्य, आणि तिथे यजमान बसत असेल तर त्याच्या उजव्या हाताची खुर्ची प्रमुख पाहुण्याची. हॉटेलांत यजमानाच्या जागेवरचा रुमाल बाकीच्यांपेक्षा उंच घडी करून ठेवलेला दिसतो; ही खूण एकदा ओळखता आली की बाकीची बैठक आपोआप समजते. शांतोंग प्रांतात ही व्यवस्था फार काटेकोर आहे. तिथे मुख्य यजमान दाराकडे तोंड करून, तर उपयजमान बरोबर त्याच्या समोर, दाराकडे पाठ करून बसतो. पहिला पाहुणा मुख्य यजमानाच्या उजवीकडे आणि दुसरा डावीकडे असतो. तिसरा उपयजमानाच्या उजवीकडे आणि चौथा त्याच्या डावीकडे. काही प्रांतांत वा घरगुती जेवणात ती दाराकडे तोंड असलेली जागा सरळ सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला देतात. म्हणून नियम पाठ असला तरी आपण होऊन बसू नये.

यजमान जागा दाखवेल तेव्हा एकदा ‘आपण बसा’ असे नम्रपणे म्हणावे, त्याने पुन्हा सांगितले की बसावे. पाच-सहा वेळा नको म्हणत राहिल्यास सगळे उभे राहतात आणि नम्रतेचे ओझे होते. आपल्या सहकाऱ्यांजवळ बसण्यासाठी खुर्ची बदलणे मात्र पूर्णपणे टाळावे.

*तपासणी:* बसण्यापूर्वी पाहावे की मुख्य यजमान बसला आहे का, आपल्यातले वरिष्ठ त्याच्याजवळ आहेत का आणि दुभाषा ऐकू येईल इतक्या अंतरावर आहे का. मोबाइल टेबलावर पालथा किंवा खिशात असावा.

टप्पा ४: चहा, थंड पदार्थ आणि पहिला घास

चहा आधी इतरांच्या पेल्यात ओतावा, स्वतःच्या पेल्यात शेवटी. पेला साधारण सात-दशांश भरावा. काठोकाठ भरलेला गरम चहा पाहुण्याला निघून जाण्याची सूचना मानली जाई आणि बोटेही भाजतात. किटलीची तोटी कोणाकडे रोखलेली ठेवू नये. क्वांगतोंग प्रांतात कोणी चहा ओतत असताना तर्जनी व मधले बोट वाकवून टेबलावर हलकेच दोन-तीनदा टेकवतात. संभाषण न तोडता आभार मानण्याची ही सोय आहे. तिथेच रिकाम्या किटलीचे झाकण तिरके ठेवले की वाढपी पाणी भरून देतो, आणि जेवणाआधी वाट्या-पेले गरम चहाने विसळण्याची पद्धतही दिसते. बीजिंगमध्ये यातले काही केले नाही तरी कोणी विचारणार नाही.

आधी सहा-आठ थंड पदार्थ मांडलेले असतात. यजमानाने चॉपस्टिक उचलल्याशिवाय किंवा ‘छिंग’, म्हणजे ‘कृपया’, म्हणून सुरुवात करायला सांगितल्याशिवाय हात लावू नये. नवा पदार्थ टेबलाच्या मध्यभागी असलेल्या फिरत्या तबकावर येतो तेव्हा तो प्रमुख पाहुण्यासमोर थांबवतात. प्रमुख पाहुणे तुम्ही असाल तर तुम्ही थोडे घेईपर्यंत सगळे खोळंबतात, त्यामुळे फार वेळ ताटकळत ठेवू नये. तुम्हाला तो पदार्थ चालत नसेल, तर यजमानाकडे हात करून ‘छिंग’ म्हणावे आणि तबक हळूच त्याच्याकडे वळवावे, तेवढे पुरते. तबक सहसा घड्याळाच्या दिशेने फिरवावे, आणि कोणाच्या चॉपस्टिक त्यावर असताना फिरवू नये. आवडता पदार्थ दूर असेल तर टेबलावरून आडवे न होता तो समोर येण्याची वाट पाहावी.

तबकावर वेगळ्या चॉपस्टिक किंवा चमचे असतील, तर वाढून घेताना तेच वापरावेत. २०२० च्या साथीनंतर अनेक शहरांनी यांचा जोरदार प्रचार केला आणि औपचारिक मेजवानीत त्या आता बहुधा असतात. पूर्वी स्वतःच्या चॉपस्टिकने पाहुण्याला वाढणे हा जिव्हाळा समजला जाई. आता तोच आग्रह वेगळ्या चॉपस्टिकने होतो. कोणी तुमच्या ताटात न चालणारा पदार्थ वाढलाच, तर आभार मानून तो बाजूला राहू द्यावा. परत तबकात टाकू नये आणि शेजाऱ्याच्या ताटात सरकवू नये.

चॉपस्टिकबाबत चार नियम पुरेसे आहेत. भातात त्या उभ्या खोचू नयेत, कारण मृतांसमोर उदबत्त्या तशा खोचतात. वाटीवर वाजवू नयेत, त्यांनी कोणाकडे रोख करू नये, आणि तबकातला पदार्थ खालून-वरून उकरून हवा तो तुकडा शोधू नये. वापरात नसताना त्या छोट्या आधारावर आडव्या ठेवाव्यात.

अखंड मासा येतो तेव्हा त्याचे तोंड प्रमुख पाहुण्याकडे ठेवतात. शांतोंगमध्ये यावरून कोणी मद्याचे किती पेले घ्यायचे ते ठरते: तोंड ज्याच्याकडे त्याला तीन, शेपटी ज्याच्याकडे त्याला चार. किनारपट्टीवरच्या क्वांगतोंग, फूच्येन, जच्यांग या भागांत मासा उलटा करीत नाहीत, कारण त्यात होडी उलटण्याचा अपशकुन मानतात. मधला काटा काढून खालची बाजू खातात.

*इशारा:* पहिल्या तीन-चार पदार्थांवर पोट भरू नये. थंड पदार्थांनंतर गरम पदार्थ एकामागून एक येत राहतात, आणि रिकामे ताट म्हणजे आणखी वाढण्याचे आमंत्रण असते.

टप्पा ५: पेला कधी उचलायचा

मेजवानीतील मद्य बहुधा बाइज्यू असते. ती धान्याची स्वच्छ, जळजळीत दारू आहे. माओताइ या प्रसिद्ध बाइज्यूची ठरावीक तीव्रता ५३ टक्के आहे, म्हणजे पेला बोटभर असला तरी तो बिअर समजून घेऊ नये.

क्रम असा असतो. पहिला पेला मुख्य यजमान सर्वांसाठी उचलतो आणि दोन वाक्ये बोलतो. त्यानंतर तो प्रमुख पाहुण्याला, मग बाकीच्यांना मान देतो. पाहुण्याची पाळी त्यानंतर येते. उत्साहाच्या भरात पहिल्याच मिनिटाला उठून ‘चिअर्स’ म्हणणे ही मराठी पाहुण्यांची नेहमीची चूक आहे, कारण त्यामुळे यजमानाचा मान आपण घेतल्यासारखे होते. शांतोंगमध्ये मुख्य यजमानाचे ठरलेले पेले संपल्यावर उपयजमानाचे येतात, त्यामुळे तिथे आणखी धीर धरावा लागतो.

आपली पाळी आली की उठून मुख्य यजमानाकडे जावे, पेला उजव्या हातात धरून डाव्या हाताचा आधार द्यावा आणि किणकिणवताना आपला काठ त्याच्या काठापेक्षा थोडा खाली ठेवावा. तोही आणखी खाली नेऊ लागला, तर दोघांनी वाकत जमिनीपर्यंत जाण्यात अर्थ नाही. हलकेच त्याचा हात धरून समान उंचीवर थांबावे. बोलायचे ते तीन वाक्यांत संपवावे: निमंत्रणाबद्दल आभार, एकत्र कामाचा उल्लेख आणि आरोग्याच्या शुभेच्छा. नंतर वरिष्ठतेच्या क्रमाने पुढे जावे, कोणालाही मध्येच गाळू नये. अनेकांनी मिळून एकाला पेला उचलणे चालते; पण आपण गटाचे प्रमुख नसलो, तर एकट्याने अनेक वरिष्ठांना एकाच पेल्यात उरकू नये. टेबल फार मोठे असेल तर पेल्याचा तळ फिरत्या तबकावर हलकेच टेकवला की सर्वांशी किणकिणवल्यासारखे धरले जाते.

‘गान-बेइ’ म्हटले की पेला रिकामा करायचा असतो. ‘स्वेइ-यी’ म्हणजे ज्याला जेवढे हवे तेवढे. समोरच्याने ‘गान-बेइ’ म्हटल्यावर आपण हसून ‘स्वेइ-यी’ म्हणू शकतो, आणि आजकाल ते बहुतेक ठिकाणी मान्य होते. स्वतः मात्र ‘गान-बेइ’ म्हणून अर्धा पेला ठेवू नये.

मद्य न घेणाऱ्याने चहाचा पेला उचलावा. मद्याऐवजी चहा ही जुनी आणि प्रतिष्ठित पद्धत आहे. तिच्या दोन अटी आहेत. पहिली, मद्य ओतण्यापूर्वीच सांगायचे. दुसरी, प्रत्येक पाळीला उठायचे, पेला दोन्ही हातांनी धरायचा आणि बोलायचे तेवढेच बोलायचे, कारण मान उठण्यात आणि बोलण्यात आहे. पेल्यात काय आहे हा मुद्दा गौण. सुरुवातीला एक पेला घेऊन नंतर ‘मी पीत नाही’ म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि आग्रह दुप्पट होतो.

वाहन चालवायचे असेल तर हे कारण सर्वांत भक्कम आहे. १ मे २०११ पासून चीनमध्ये मद्यधुंद अवस्थेत वाहन चालवणे हा फौजदारी गुन्हा आहे. १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा, आणि २० मिलिग्रॅमपासूनच दंडनीय कारवाई होते. आग्रह करून प्यायला लावणाऱ्याला त्यातून घडलेल्या अपघाताची भरपाई द्यावी लागू शकते, त्यामुळे शहाणे यजमान आता जास्त ताणत नाहीत. सरकारी कार्यालयांच्या कामकाजी जेवणातून तर मे २०२५ मध्ये सुधारलेल्या काटकसरीच्या नियमांनी मद्य आणि सिगारेट दोन्ही हद्दपार केली आहेत, म्हणून तिथे मद्य दिसले नाही तर तो आपला अनादर समजू नये.

*इशारा:* कामाचे बोलणे पहिल्या पेल्यांच्या वेळी काढू नये. किंमत, मुदत आणि दोष यांची चर्चा बैठकीच्या खोलीत करावी. सीमाप्रश्न, तैवान आणि तिबेट हे विषय टेबलावर आणू नयेत. वय, मुले, पगार यांबद्दल विचारले तर ती चौकशी आपुलकीची समजून सैलसर उत्तर द्यावे.

टप्पा ६: भात, फळे आणि निरोप

भात, नूडल्स किंवा डंपलिंग शेवटच्या भागात येतात. भाजीबरोबर भात हवाच या सवयीने पहिल्या दहा मिनिटांत भात मागितला, तर आपल्याला लवकर उरकायचे आहे किंवा पदार्थ पुरेसे नाहीत असा अर्थ निघू शकतो. शाकाहारी पाहुण्याची अडचण खरी असते, म्हणून थंड पदार्थ संपल्यावर ‘भाजीसोबत थोडा भात घेतला तर चालेल का?’ असे यजमानाला हळूच विचारावे. तो लगेच मागवेल. सूप उत्तरेत बहुधा शेवटी येते, क्वांगतोंगमध्ये आधी.

कापलेली फळे आली म्हणजे मेजवानी संपत आली. यजमान शेवटचा पेला सर्वांसाठी उचलतो आणि आपापले पेले रिकामे करायला सांगतो. त्यानंतर आवराआवर सुरू करण्याची जबाबदारी प्रमुख पाहुण्यावर असते. तो उठल्याशिवाय इतर उठत नाहीत. तो रात्री उशिरापर्यंत गप्पा मारत बसला, तर यजमान थकला तरी हसत बसून राहतो. पाच-दहा मिनिटांत आभार मानून उठावे.

बिल पाहुण्याने मागू नये आणि निम्मे-निम्मे करण्याचा प्रस्ताव तर मांडूच नये. उरलेले अन्न बांधून नेणे आता कमीपणाचे मानले जात नाही, विशेषतः २०२१ च्या अन्ननासाडीविरोधी कायद्यानंतर. तरीही बांधून देण्याचे यजमानानेच सुचवावे लागते. तो लिफ्टपर्यंत किंवा गाडीपर्यंत येईल. ‘छिंग ल्यौ-बू’, म्हणजे ‘आपण इथेच थांबावे’, असे एकदा म्हणावे, तरी तो येईलच. गाडी निघाल्यावर काच खाली करून मागे पाहून हात हलवावा. दार लागताच मोबाइल काढणारा पाहुणा त्याला मागून दिसतो.

टप्पा ७: त्याच रात्री आणि पुढे

आभाराचा संदेश त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावा. वीचॅटवर ओळख जोडताना कनिष्ठाने वरिष्ठाचा क्यूआर कोड स्कॅन करावा आणि जोडल्याबरोबर स्वतःचे नाव, कंपनी व हुद्दा लिहून पाठवावे. लांबलचक व्हॉइस संदेश टाळावेत. साध्या हसऱ्या चेहऱ्याची इमोजी वापरू नये, कारण तरुण चिनी वापरणारे ती थंड किंवा उपरोधिक मानतात. जून २०२० पासून भारतात वीचॅटवर बंदी आहे, त्यामुळे परतण्यापूर्वी ईमेलचा पत्ता घेतलाच पाहिजे. नाहीतर मुंबईत उतरल्यावर संपर्क तुटतो आणि समोरच्याला वाटते की काम झाल्यावर तुम्ही बोलणे थांबवले.

यानंतर येते परतफेड. ‘लीजी’ या शिष्टाचारावरील प्राचीन चिनी ग्रंथात येणे आणि जाणे दोन्ही असावे, एकच बाजू असेल तर तो शिष्टाचार नव्हे, असा स्पष्ट नियम आहे, आणि आजच्या व्यवहारातही तो पाळला जातो. मुक्काम लांब असेल तर परतण्यापूर्वी जेवण द्यावे. ते मिळालेल्या मेजवानीच्या तोडीचे असावे. फार भपकेबाज केले तर यजमानाला कमी दाखवल्यासारखे होते. लगेच दुसऱ्याच दिवशी द्यायची घाई नको, कारण ती हिशेब चुकता केल्यासारखी दिसते.

ते पुण्यात किंवा मुंबईत आले, तर यजमानाच्या क्रमातली सगळी कामे तुमच्याकडे येतात. खोली आधी पाहून दाराकडे तोंड असलेली मुख्य जागा ठरवावी. स्वतः त्यांच्या आधी पोहोचावे. जेवण साडेसहा-सातला सुरू करावे, टेबलावर गरम पाणी ठेवावे, आणि तुम्ही शाकाहारी असलात तरी त्यांच्यासाठी मांसाहार असलेले उपाहारगृह निवडावे. फक्त शाकाहारी बेत असेल, तर ते निमंत्रणातच सांगावे. तिखटाबद्दल आधी विचारावे, कारण तिखट खाणाऱ्या स्च्वान प्रांताचा माणूस आणि शांघायचा माणूस यांच्या तिखटात मोठा फरक असतो. बिल त्यांच्या नजरेआड, जेवण संपण्यापूर्वीच चुकते करून टाकावे, आणि गाडी येईपर्यंत दारात उभे राहावे.